ऊस एकच, टोन निराळा: इसानमध्ये माझी थाई भाषा का चालेना (थाई, लाओ आणि शेजारच्या भाषा)

उसातला_माणूस

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळ सांगलीकडचा, साखर कारखान्यात केमिस्ट. तीन गळीत हंगाम थायलंडच्या ईशान्य भागात, उडॉनथानी प्रांतातल्या एका कारखान्यात काढले. या सगळ्या भागाला इसान म्हणतात, आपल्या 'ईशान'वरूनच ते नाव आलंय. निघायच्या आधी पुण्यात सहा महिने मन लावून थाई शिकलो होतो. पाच टोन पाठ: सपाट, खालचा, वरून पडणारा, वरचा, आणि खालून चढणारा. 'मा' सपाट म्हणलं की 'येणे', वर नेऊन म्हणलं की 'घोडा', खालून चढवत म्हणलं की 'कुत्रा'. वहीत प्रत्येक शब्दापुढं बाण काढलेले होते.

पहिल्याच आठवड्यात वजनकाट्यावर उभा होतो, उसाचे ट्रक लागलेले. तिथं सारखा एक शब्द कानावर यायचा, 'खा ऑय', म्हणजे उसाचं बिल, उसाचे पैसे. 'खा' म्हणजे मोल, 'ऑय' म्हणजे ऊस. माझ्या वहीत दोन्हीपुढं पडता बाण होता कारण बँकॉकच्या थाईत दोन्ही शब्द पडत्या टोनचेच आहेत. पण काट्यावरची माणसं 'खा' सपाट म्हणायची आणि 'ऑय' वरून खाली सोडायची. मला वाटलं माझा कान चुकतोय. मग हळूहळू लक्षात आलं की गडबड एका शब्दाची नाहीये, सगळी मांडणीच वेगळी आहे. बँकॉकला 'ऊस' आणि 'भात' (खाव) एकाच टोनचे, इथं दोन वेगळ्या टोनचे. बँकॉकला 'ऊस' आणि 'घोडा' वेगळ्या टोनचे, इथं एकाच. म्हणजे आमचा ऊस तिकडं भाताच्या पंगतीला बसतो आणि इकडं घोड्याच्या!

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की या भाषा सख्ख्या बहिणी, शब्दसुद्धा बरेचसे तेच, मग टोन असे कसे इकडचे तिकडं झाले? आणि कोणी कोणाचे उचलले? माझ्याकडं निरीक्षणं भरपूर आहेत पण शास्त्र नाही, कोणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.

---

शब्दवेडी

किती छान विषय! एक बेसिक शंका. टोन म्हणजे आपला हेल का? वऱ्हाडी हेल, मालवणी हेल म्हणतो तसं?

---

उसातला_माणूस

नाही ताई, इथंच मीही सुरुवातीला अडखळलो. हेल अख्ख्या वाक्याला असतो. 'आलास?' आणि 'आलास.' यात आवाज वरखाली होतो पण 'येणे' हा अर्थ तसाच राहतो. टोन शब्दाच्या आतच असतो, 'क' बदलून 'ख' केला की शब्द बदलतो ना, तसा टोन बदलला की शब्दच बदलतो. थाईत 'क्लाय' सपाट म्हणजे लांब आणि 'क्लाय' पडता म्हणजे जवळ! रस्ता विचारताना मी यात फसलोय आणि उन्हात चार किलोमीटर चाललोय.

---

भाषेची_विद्यार्थिनी

धागा बघून इतका आनंद झालाय की अभ्यास बाजूला ठेवून लिहितेय.

दादा, तुम्ही जे वहीत पकडलंय ते या विषयाचं अगदी मूळ आहे. ताई भाषांच्या (थाई, लाओ, शान, आसामातल्या फाके-खामती, चीनमधल्या चुआंग वगैरे सगळं कुटुंब) मूळ भाषेत तीनच टोन होते असं मानतात. त्यांना आपण अ, ब, क गट म्हणूया. शिवाय प, त, क नं बंद होणारी अक्षरं, त्यांचा हिशोब वेगळा. तेव्हा ग, द, ब असे घोष आवाजही होते आणि ख, त, प असे अघोषही. आता एक करून बघा, हळू आवाजात 'पाट' म्हणा आणि मग 'बाट' म्हणा. 'बा' किंचित खालून सुरू होतो, कारण घोष व्यंजनाला स्वरतंतू आधीपासून कंप पावत असतात आणि त्यानं पट्टी जरा खाली येते. आपल्याला ते ऐकू येत नाही कारण ब आणि प वेगळे आहेतच, फरकाचं काम तेच करतात. पण ताई भाषांत पुढं हे घोष आवाज गेले, बँकॉक आणि लाओत 'ग' चा चक्क 'ख' झाला. मग दोन शब्द वेगळे ठेवायचं काम कोणी करायचं? त्या खालच्या-वरच्या पट्टीनं. असा एकेका टोनाचा दोन-दोन ठिकाणी फाटा फुटला.

आणि हा फाटा सगळीकडं सारखा नाही फुटला! तुमच्याच शब्दांवर सांगते. 'मोल' या अर्थाचा 'खा' मूळ 'गा', ब गटातला. थाई लिपीत तो आजही आपल्या 'ग'च्या जागच्या अक्षरानं लिहितात. गलांगल नावाचं आल्यासारखं मूळ असतं (थाई सूपमध्ये घालतात) तोही 'खा', तोही ब गटातला पण मुळात अघोष. बँकॉकमध्ये ब गट फुटला, म्हणून गलांगल खालच्या टोनला आणि मोल पडत्या टोनला. लाओत आणि इसानमध्ये ब गट फुटलाच नाही, म्हणून दोन्ही सपाट, हुबेहूब एक. उलट 'मारून टाकणे' हाही 'खा', पण क गटातला अघोष. बँकॉकमध्ये 'मोल' आणि 'मारणे' वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन पडत्या टोनात एकमेकांना धडकले आणि एक झाले, लाओत ते कधीच एक झाले नाहीत. याचा पुरावा स्पेलिंगमध्ये सापडतो. 'मारणे' हा शब्द थाईत 'घ'च्या अक्षरानं आणि पहिल्या टोनचिन्हानं लिहितात, लाओत 'ख' आणि दुसऱ्या चिन्हानं. मूळ लाओ स्पेलिंगमध्ये नीट दिसतं, बँकॉकला कानाला फरकच उरला नव्हता म्हणून तिथं वेगळं लिहिणं चालून गेलं.

तुमचा ऊसही क गटातला. लाओ-इसानमध्ये या गटात फक्त जुने ख, स, ह असे अघोष (भाताचा 'खाव' त्यातला) बाजूला पडले, बाकी सगळे, म्हणजे ऊस आणि घोडा दोन्ही, एकत्र राहिले. बँकॉकमध्ये याच गटाची चीर दुसऱ्या जागी पडली, ऊस भाताबरोबर गेला आणि घोडा एकटा वर.

विल्यम गेडनी नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1972 मध्ये यासाठी एक तक्ता दिला, चार ओळी, पाच रकाने, वीस चौकोन. गावात जायचं, ठरलेले शब्द म्हणून घ्यायचे, कुठला चौकोन कुठल्याशी जुळतो ते रंगवायचं. गावागणिक नकाशा वेगळा निघतो. तुम्ही वजनकाट्यावर उभं राहून न कळत तेच करत होतात.

---

उसातला_माणूस

हे वाचून अंगावर काटा आला. तीन वर्षं मी समजत होतो की माझ्या वहीतली पानं म्हणजे माझ्या चुकांची यादी आहे.

---

नांदेडचा_विनय

हे घोष आवाज जाऊन टोन येण्याचं मी घरबसल्या ऐकलंय. नांदेडला आमच्या शेजारी अमृतसरकडून आलेलं पंजाबी कुटुंब होतं. काकू 'घर' म्हणायच्या तेव्हा मला 'कर' ऐकू यायचं, 'घोडा' चा 'कोडा', पण आवाज खाली दाबून मग वर आणलेला. लहान असताना मला वाटायचं त्यांना 'घ' येत नाही. कॉलेजात कळलं की पंजाबीत घ, झ, ध, भ असे आवाज गेले आणि त्यांच्या जागी टोन आला. म्हणजे आपल्या आर्यभाषांतही हे घडलंय. विद्यार्थिनीताई, बरोबर ना?

---

भाषेची_विद्यार्थिनी

अगदी बरोबर, आणि मराठी माणसाला समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही. काकूंना 'घ' येत नव्हता असं नाही, त्यांचा 'घ' सुरात गेला होता.

आता आर्यभाषांचा विषय निघालाच आहे तर संस्कृतमधून गेलेल्या शब्दांचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. थाईत 'सुक' म्हणजे सुख आणि 'थुक' म्हणजे दुःख, दोन्ही आपल्याकडून गेलेले. सुख खालच्या टोनात म्हणतात आणि दुःख वरच्या. का? तर 'स' अघोष, 'द' घोष. 'द' चा थाईत 'थ' झाला पण तो एकेकाळी घोष होता याची आठवण त्या वरच्या टोनात राहिली. 'भाषा' चं 'फासा' होतं, पहिलं अक्षर सपाट, दुसरं खालून चढणारं, कारण 'भ' घोष आणि 'ष' अघोष. टोनांची नावंसुद्धा बघा, सामान, एक, थो, त्री, चत्तवा. सामान्य, एक, दोन, तीन, चार!

यात एक मजा अशी की शेवटची दोन चिन्हं नंतरची आहेत. लिपी बसवली तेव्हा तीनच टोन होते म्हणून दोन चिन्हं पुरली: चिन्ह नाही तो अ, 'एक' चिन्ह तो ब, 'थो' चिन्ह तो क. आज 'एक' चिन्ह असलेला शब्द खालच्या टोनचा असेल का पडत्या, ते शब्दाच्या सुरुवातीच्या अक्षरावरून ठरतं. शिकणारे वैतागतात, पण ते स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चाराची फोटो कॉपी आहे.

(गेडनींच्या तक्त्यात घोष ओळ सगळ्यात खाली असते, आणि पट्टी खाली म्हणून टोन आजही खालचाच असेल असं मात्र नाही. दुःखाचा टोन वरचा आहे हे वर आलंच. फाटा फुटल्यावर प्रत्येक टोन आपापल्या वाटेनं सरकत जातो.)

---

गंधार_रे

मी गाणं शिकतो म्हणून विचारतो. प्रत्येकाचा षड्ज वेगळा, बाईची पट्टी वेगळी, बुवांची वेगळी, मग वरचा टोन म्हणजे नक्की कितीवर? आणि गाणं म्हणताना काय करतात? चाल वर जात असेल आणि शब्द पडता असेल तर?

---

उसातला_माणूस

पट्टी ज्याची त्याची. आजीचा खालचा टोनसुद्धा माझ्या वरच्याहून वर असायचा, तरी कळायचं, कारण तुम्ही बोलणाऱ्याचा षड्ज नकळत पकडता आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबात ऐकता. अगदी आपल्यासारखंच.

गाण्याबद्दल, इसानमध्ये मोरलाम म्हणून गायनाचा प्रकार आहे, साथीला खेन, बांबूच्या नळ्यांचं तोंडानं वाजवायचं वाद्य (लाओसच्या खेनवादनाला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली). जुन्या ढंगाच्या लाममध्ये चाल आधी बांधलेली नसते, शब्दांचे टोन जिकडं नेतील तिकडं सूर जातो. गाळप बंद झालं त्या रात्री कारखान्याच्या आवारात पहाटेपर्यंत लाम चाललं होतं. मला अर्धे शब्द कळत नव्हते, पण 'घोडा' आला आणि 'ऊस' आला तेव्हा दोन्हीला गळा त्याच वळणानं उतरला हे मी स्वतः ऐकलं. त्या रात्री मला टोन खऱ्या अर्थानं कळला असं म्हणलं तरी चालेल.

---

बांद्याचो_झिल

मी बांद्याचा, म्हणजे पलीकडं पेडणे. आमच्याकडं मालवणी कुठं संपते आणि कोंकणी कुठं सुरू होते ते सांगता येत नाही, दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ते खरं तर दर घरागणिक बदलते. त्यामुळे मला प्रश्न असा की थाई आणि लाओ या दोन भाषा आहेत का एकच? आणि इसान मग लाओ बोलतो का थाईची बोली?

---

उसातला_माणूस

मी जे पाहिलं ते सांगतो. उडॉनहून तासाभरात नॉन्गखाय, तिथं मेकाँग नदीवर 1994 पासून मैत्री पूल आहे, पलीकडं लाओसची राजधानी व्हिएन्तियान. पुलाच्या दोन्ही टोकांना माणसं एकमेकांशी बोलतात ती एकच भाषा. 'नाही' ला दोन्हीकडं 'बॉ', बँकॉकला 'माय'. 'प्रेम' ला दोन्हीकडं 'हक', बँकॉकला 'रक'. हत्ती दोन्हीकडं 'सांग', बँकॉकला 'छांग'. पण 1893 मध्ये फ्रान्सनं सयामकडून (थायलंडचं जुनं नाव) नदीपलीकडचा मुलूख घेतला आणि नदी ही हद्द झाली, तेव्हापासून एका काठावरची भाषा देशाची भाषा झाली आणि दुसऱ्या काठावरची 'बोली'. आणि गंमत बघा, लाओ बोलणारे लाओसपेक्षा थायलंडमध्ये जास्त आहेत. इसानची वस्ती 2 कोटींच्या पुढं, लाओस अख्खा देश 75-80 लाखांचा, त्यातही सगळ्यांची घरची भाषा लाओ नाही.

इसानच्या शाळेत बँकॉकची थाई. 1921 च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानंतर ती गावोगाव गेली, आणि 1939 ते 42 मध्ये पंतप्रधान पिबुन यांच्या सरकारनं बारा फर्मानं काढून 'सगळे थाई, सगळ्यांची भाषा थाई' असं ठरवून टाकलं. टीव्ही मालिकांत इसानी बोलणारा म्हणजे बहुतेक वेळा मोलकरीण नाहीतर ड्रायव्हर. आमच्या लॅबमधली एक मुलगी बँकॉकच्या साहेबांसमोर इसानीत एक शब्द बोलायची नाही. फोनवर आईशी बोलायला बाहेर जायची. तिला मी एकदा म्हणलं की तुझ्या भाषेत मोल आणि मारणे वेगळे राहिलेत, बँकॉकवाल्यांना ते सांभाळता आले नाहीत. (विद्यार्थिनीताईंचं शास्त्र तेव्हा माहीत नव्हतं, नुसतं वहीत बघून म्हणलो होतो.) ती थांबली, दोन्ही शब्द दोनदा म्हणून बघितले आणि मग आईला फोन लावून तिच्याकडूनही म्हणून घेतले.

---

बांद्याचो_झिल

ह्या वाचून गळो दाटलो. मुंबईत पहिल्या नोकरीत मीही असाच बाहेर जाऊन घरी फोन करायचो.

पण मग संपर्काचं काय? इतकी वर्षं शाळा-टीव्ही थाईत, तर इसानीचे टोन बँकॉकसारखे होत नाहीत का?

---

भाषेची_विद्यार्थिनी

हा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर. शब्द शेजारच्या भाषेतून येतो तेव्हा दोन वाटा असतात. एक, तो आपल्या चौकोनात बसवून घ्यायचा: बोलणाऱ्याला हिशोब अंगवळणी पडलेला असतो की त्यांचा अमुक टोन म्हणजे आपला तमुक, तो शब्द भाषांतर करावा तसा टोन बदलून घेतो. दुसरी, जसा ऐकला तसाच घ्यायचा, मग तो आपल्या टोनांपैकी कानाला जवळच्या एखाद्यात जाऊन पडतो, हिशोबानं चुकीच्या चौकोनात. दुसऱ्या वाटेनं आलेला शब्द अभ्यासकाला लगेच ओळखता येतो की हा पाहुणा आहे. मालवणी माणूस पुण्याच्या शब्दाला मालवणी प्रत्यय लावतो ती पहिली वाट म्हणा.

युद्धात उचलून आणलेल्या लोकांची उदाहरणं तर मन हेलावणारी आहेत. 1779 मध्ये सयामी फौजांनी व्हिएन्तियान घेतलं, आणि 1828 नंतर तिथल्या राजा अनुवोंगचं बंड मोडल्यावर परत, हजारो लाओ आणि त्यांच्या भाऊबंद फुआन लोकांची कुटुंबं मध्य थायलंडच्या सपाटीवर आणून वसवली. काळे ताई (तिकडं त्यांना लाओ सोंग म्हणतात) फेचबुरीला आणले, ते नाव म्हणजे आपलं वज्रपुरी. चहूबाजूंनी बँकॉकची थाई आणि मध्ये एक गाव. अशा गावांत आजोबा, मुलगा, नातू यांचे टोन मोजून ताडून बघायचं काम थायलंडच्या विद्यापीठांत बरंच झालंय. नातवाचा टोन बहुतेक वेळा एकदम नाहीसा होत नाही, त्याचा आकार आधी बँकॉककडं झुकतो, चौकोन मात्र जुनेच राहतात. म्हणजे गाणं तेच, गळा बदललेला.

आणि बँकॉकसुद्धा जागेवर उभं नाहीये हं. ब्रॅडली नावाच्या अभ्यासकानं 1911 मध्ये यंत्रावर थाई टोन मोजून छापले होते. त्यांच्याशी आजच्या तरुणांचे टोन ताडले तर 'घोडा' चा वरचा टोन आता सपाट वर राहत नाही, मधून निघून शेवटाला वर चढतो. शंभर वर्षांत, सगळ्यांच्या कानांदेखत.

---

शब्दवेडी

मला हे चियांग माईला कसं लागू होतं ते सांगा ना, आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो. तिथला गाइड 'जियांग माय' म्हणत होता असं मला ऐकू आलं, नवरा म्हणाला तुझा भास.

---

भाषेची_विद्यार्थिनी

भास नाही ताई! उत्तरेच्या बोलीत जुने घोष आवाज 'ख, थ, फ' न होता साधे 'क, त, प' झाले, म्हणून बँकॉकचं 'छियांग' तिथं 'जियांग' च्या जवळ ऐकू येतं. 'बाप' बँकॉकला 'फॉ', तिथं 'पॉ'. 'छियांग' म्हणजे तटबंदीचं नगर, लाओत तेच 'सियांग' (नकाशावरचं सियांग खुआंग), आणि म्यानमारच्या शान भागातल्या केंगटुंगमधलं 'केंग' तेही हेच. चार शेजारी, एक शब्द, चार तोंडं. टोनही उत्तरेकडं सहा आहेत, अ गटाची चीर तिथं बँकॉकपेक्षा एक ओळ खाली पडते.

---

दुलियाजानहून

मी तेलक्षेत्रात, वरच्या आसामात बारा वर्षं. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण या कुटुंबाची एक फांदी माझ्यापासून गाडीनं थोड्याच अंतरावर आहे. नाहरकटियाजवळ बुढी दिहिंग नदीच्या काठाला नामफाके गाव, ताई फाके लोक, बौद्ध, घरं चांगांवर, म्हणजे खांबांवर उचललेली. आसपास सगळी असमिया, जिच्यात टोन अजिबात नाहीत, तरी फाकेत सहा टोन टिकलेत. घरात फाके, बाजारात असमिया, आणि पोरं एका वाक्यात तीनदा इकडून तिकडं जातात.

उलट आहोमांचं झालं, तेही ताईच. त्यांचा पहिला राजा सुकाफा 1228 मध्ये पाटकाई डोंगर ओलांडून आला, आहोमांनी सहाशे वर्षं राज्य केलं, पण भाषा हळूहळू असमियात विरली. पोथ्या राहिल्या, पुजारी घराण्यांनी वाचन टिकवलं. पण त्या लिपीत टोनचिन्हं नाहीत. 'मा' लिहिलंय, आता येणे का घोडा का कुत्रा? संदर्भावरून ओळखायचं. बोलणारी माणसं गेली तसा टोन गेला, आणि आज भाषा परत शिकवणाऱ्यांपुढं हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे की आहोमचा टोन आणायचा कुठून. स्टीफन मोरी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं इथल्या ताई भाषांवर फार काम केलंय, फाके, ऐटोन, खामती सगळ्यांवर. एका आहोम मित्राच्या घरी पोथी बघितली, त्यानं वाचून दाखवली, प्रत्येक अक्षर एकाच पट्टीत. वाचून झाल्यावर तो म्हणाला, अक्षरं आमच्या आजोबांची आहेत, आवाज असमिया आहे.

---

उसातला_माणूस

हे शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

दादा, एक विनंती करू का? नामफाकेला जाणं झालं तर एखाद्या वयस्कर माणसाकडून चार शब्द म्हणून घ्याल? येणे, घोडा, कुत्रा आणि ऊस. पहिले तीन इकडं 'मा' आहेतच. मला फक्त एवढं ऐकायचंय की तिकडं ऊस कोणाबरोबर बसतो, घोड्याबरोबर का भाताबरोबर. भातही घ्या म्हणजे पाच झाले. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर अजून उत्तम.

---

भाषेची_विद्यार्थिनी

प्रत्येक शब्द तीनदा म्हणून घ्या, आणि सलग एका दमात नको, मध्ये थोडं थांबून. यादी वाचल्यासारखं म्हणलं की शेवटच्या शब्दाला सगळेच आवाज खाली आणतात, मग टोन कळत नाही. मोल, मारणे आणि गलांगलही घ्या प्लीज.

---

दुलियाजानहून

आठ शब्द, लिहून घेतले. रविवारी सुट्टी आहे, आमच्या ऑफिसातल्या एका फाके सहकाऱ्याची आजी गावातच असते, त्याला आत्ताच फोन केला. तो म्हणाला गलांगल परसात लावलेलं आहे, आजी दाखवूनच सांगेल.